जखम मोजणारा पुंजाराम

पुंजाराम दोंदे नाशिकातल्या एका धर्मादाय इस्पितळात ड्रेसर होता. ड्रेसर म्हणजे कोण? डॉक्टरांनी केसपेपरवर 'रोज ड्रेसिंग' एवढे दोन शब्द खरडायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचं. मग त्या दोन शब्दांत जेवढा पू, जेवढं रक्त आणि जेवढी बोंबाबोंब असेल, ती सगळी ज्याच्या वाट्याला येते तो माणूस. पगार शिपायाचा, काम निम्म्या डॉक्टरचं, आणि मानाचं तर नावच काढू नका. "ए पट्टीवाला" अशी हाक आली की पुंजाराम वळायचा. सवय झाली होती.

पण माणूस कामाला असा पक्का की काय सांगावं! जखमेला चिकटून बसलेली पट्टी तो गप्पा मारत मारत सोडवायचा. पेशंट डोळे मिटून विचारायचा, "झाली का सुरुवात?" तेव्हा जुनी पट्टी ट्रेमध्ये पडून नवी बांधून झालेली असायची. शिवाय नाक असं की वॉर्डाच्या दारात उभं राहून कोणत्या खाटेवरची जखम बिघडतेय ते सांगायचा. ते त्याला कुसाबाईनं शिकवलं होतं. कुसाबाई म्हणजे वॉर्डातली सगळ्यात जुनी आया. तोंडानं फटकळ, पण पेशंटसाठी जीव टाकणारी.

पंचाहत्तर साली इस्पितळात गर्गे डॉक्टर आले. मुंबईला शिकलेले, वय तिशीचं, आणि डोक्यात सारखं काहीतरी चाललेलं. पहिल्याच राउंडला त्यांनी एका खाटेपाशी थांबून पुंजारामला विचारलं, "कशी आहे जखम?"

"बरी हाय साहेब."

"बरी म्हणजे किती बरी? कालच्यापेक्षा? गेल्या महिन्यापेक्षा? की तुझ्या मनाला बरं वाटतंय म्हणून बरी?"

अख्खा वॉर्ड हसला. खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला, म्हणजे बघा! पुंजारामच्या ते फार जिव्हारी लागलं. साहेब खोटं बोलले असते तर त्याला रागावता तरी आलं असतं. पण ते बरोबर बोलत होते. इतकी वर्षं तो 'बरी हाय' म्हणत होता, आणि किती बरी हे त्याला खरंच सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यानं हे शकुबाईला सांगितलं. शकुबाई त्याची बायको. दोघंही मूळचे देवळ्याकडचे, लग्नानंतर नाशिकात येऊन वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहिलेले. शकुबाई बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग मोजा ना. त्यात रडायचं काय?"

"जखम काय कापड हाय का मोजायला?"

"पोरीला चप्पल आणायला जाता तवा काय करता? पोरीला नेता का बाजारात? तिचा पाय कागदावर ठेवता, भोवतीनं पेन्सिल फिरवता अन् तो कागद नेता. तसंच करा."

पुंजाराम ताटावरून उठलाच. त्यांच्या घरात, त्यांच्या अख्ख्या वसाहतीत, लहान पोरांच्या चपला अशाच यायच्या. पाय घरी राहायचा, कागद बाजारात जायचा. इतकी साधी गोष्ट, आणि ती या बाईला चुलीपुढं बसून सुचली!

जखमेवर कागद कसा ठेवणार, ओला होणार. मग त्यानं एक्सरे खात्यातून जुन्या, रद्दीत काढलेल्या फिल्मा मागून आणल्या. सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून घासल्या की त्यावरची काळी साय निघून जायची आणि खाली उरायची लख्ख पारदर्शक फिल्म. जखमेवर आधी पातळ प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर ही फिल्म, आणि मग बारीक पेनानं जखमेच्या कडेकडेनं रेघ. खालचा तुकडा फेकून द्यायचा, फिल्म ठेवायची. ती फिल्म बारीक चौकटींच्या आलेखाच्या कागदावर ठेवायची आणि रेघेच्या आत किती चौकटी येतात त्या मोजायच्या. अर्ध्याहून जास्त चौकट आत आली तर धरायची, नाहीतर सोडायची. खाली तारीख टाकायची. झालं!

पुढच्या राउंडला साहेबांनी विचारलं, "कशी आहे जखम?" आणि पुंजाराम म्हणाला, "मागच्या सोमवारी दोनशे दहा चौकटी व्हती साहेब. आज एकशे ब्याऐंशी."

गर्गे डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. मग म्हणाले, "पुंजाराम, हे तुला कोणी शिकवलं?" त्या दिवसानंतर साहेबांनी त्याला कधी 'पट्टीवाला' म्हटलं नाही, आणि दुसऱ्यांनाही म्हणू दिलं नाही.

शहात्तर साली त्या फिल्मनं एक जीव वाचवला. कळवणच्या बाजूचे कारभारी नावाचे एक शेतकरी होते. पोटरीवर तीन वर्षांची जखम. जो तो म्हणायचा, सुधारतेय. दिसायलाही लालभडक, स्वच्छ, वास नाही, पू नाही. कुसाबाईच्या नाकानंही पास केली होती. पण पुंजारामनं सहा आठवडे रेघा ओढल्या, तर चौकटी वाढतच होत्या. चारनं, सहानं, कधी दोननं. डोळ्याला कळणार नाही इतक्या. तो फिल्मा घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी कडेचा तुकडा कापून तपासायला पाठवला, आणि निघाला कॅन्सर. वेळेवर काढला. कारभारी हिंडते-फिरते झाले. दर हंगामाला पुंजारामकडे कांद्याची गोणी यायची ती यायचीच.

पुण्याला डॉक्टरांची परिषद भरली तेव्हा गर्गे डॉक्टरांनी त्या फिल्मा पडद्यावर दाखवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. छापलेल्या कागदात लिहिलं होतं, 'वॉर्डातील एका कर्मचाऱ्याच्या मदतीने.' एका कर्मचाऱ्याच्या! पुंजाराम दोंदे एवढी पाच-सहा अक्षरं लिहायला शाई संपली होती का? पण पुंजारामला त्याचं काही वाटलं नाही. तो कागद त्यानं घडी करून पेटीत ठेवला. त्याला एवढंच महत्त्वाचं होतं की आता त्याला 'किती बरी' हे सांगता येत होतं.

तो नव्या ड्रेसरना शिकवायला लागला. गोटीराम म्हणून पस्तिशीचा एक गडी कामाला लागला होता. तो एकदा जखमेपाशी वाकून म्हणाला, "दादा, वास येतोय थोडा." तर पुंजाराम त्याला झापून म्हणाला, "वासाचं सोड. वास सगळ्याच जखमांना येतो. चौकटी किती?" कुसाबाई पलीकडून ऐकत होती. तिनं बेडपॅन उचललं आणि निघून गेली.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर शकुबाईच्या पायाला लागलं.

तोपर्यंत पोर लग्न होऊन सासरी गेली होती, आणि शकुबाई अंबडच्या एका कारखान्यात झाडूकाम करत होती. लेथ मशीनवरून उडालेल्या लोखंडाच्या कतरणी गोळा करायच्या, पाट्यांत भरायच्या. दोन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला होता. गोळ्या चालू होत्या, पण पायांना मुंग्या यायच्या, आणि मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. ती म्हणायची, "बरं झालं, मुंग्या गेल्या." आणि नवरा ड्रेसर! त्यालाही वाटलं, बरं झालं. कपाळ!

एका संध्याकाळी घरात फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. पुंजारामनं तिचा उजवा पाय उलटा करून बघितला, तर अंगठ्याच्या मागं, चवड्यात, लोखंडाची पिळदार कतरण घुसलेली. चप्पल फोडून वर आलेली. सकाळपासून ती तशीच चालत होती आणि तिला कळलंही नव्हतं. त्यानं चिमट्यानं कतरण ओढून काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. पण पंधरा दिवसांत जखम भरायच्या ऐवजी फुटली, रुंद झाली.

"उद्या वॉर्डात चल," तो म्हणाला.

शकुबाईनं त्याचा हात धरला. ती अशी कधी धरायची नाही. "माझ्या आबांचा पाय तुमच्याच इस्पितळात कापला, आठवतंय ना? बोट म्हणाले, मग घोटा म्हणाले, मग गुडघा. वरीसभर भिंतीला टेकून बसले अन् गेले. मला वॉर्डात नेऊ नका. तुम्ही हायेत ना घरात? तुमच्यापेक्षा चांगलं कोण बघणार हाय मला? माझा पाय कापू देणार नाय म्हणा."

"नाय देणार."

"म्हणा."

"तुझा पाय कापू देणार नाय, शके."

बोलला तो. आणि मनापासून बोलला.

त्यानं फिल्म काढली, रेघ ओढली, मोजलं. शहाण्णव चौकटी. दुसऱ्या दिवशी फिल्म गर्गे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी औषधं लिहून दिली, साखरेच्या गोळ्या वाढवल्या, चालणं बंद करायला सांगितलं. म्हणाले, "एकदा घेऊन ये बाईंना."

"आणतो साहेब."

रजा टाकून शकुबाई घरी बसली. पुंजाराम सकाळी ड्युटीला जायच्या आधी आणि आल्यावर, असा दोनदा जखम धुवायचा. दर तिसऱ्या दिवशी रेघ. अठ्ठ्याऐंशी. ऐंशी. एकाहत्तर. तो आकडा सांगायचा आणि शकुबाईचा चेहरा उजळायचा. शेजारणी चौकशीला आल्या की ती सांगायची, "एकसष्ट राहिल्यात." जणू पाय बरा होणं म्हणजे बसच्या रांगेत पुढं सरकणं.

साहेब प्रत्येक फिल्म बघायचे. "शाब्बास, पुंजाराम. ही तर आमच्या वॉर्डातल्यापेक्षा झपाट्यानं भरतेय." पुन्हा 'घेऊन ये' असं ते म्हणाले नाहीत. कशाला म्हणतील? चौकटी घटत होत्या. पाय घरी होता, फिल्म टेबलावर होती, आणि दोन शहाणी माणसं त्या फिल्मकडे बघून खूश होत होती.

अठ्ठेचाळीस झाल्या तेव्हा शकुबाईला संध्याकाळी थंडी वाजायला लागली. पुंजाराम म्हणाला, हवा बदललीय. तापाची गोळी दिली, उतरला. पस्तीस झाल्या तेव्हा ती म्हणाली, "टाच जड वाटते." त्यानं घोटा दाबून बघितला. थोडा सुजलेला होता. म्हणाला, "पाय खाली सोडून बसतेस, म्हणून. उशीवर ठेवत जा." घरात लघवी उकळून साखर बघायची नळी होती. रंग विटेसारखा, म्हणजे साखर चढलेली, यायला लागला होता, निळा काही होईना. तो म्हणाला, तू चोरून गोड खातेस. तिनं शपथ घेतली. त्याला खरं वाटलं नाही. या तिन्ही गोष्टी वॉर्डातल्या दुसऱ्या कोणाच्या असत्या, तर तो ताडकन उठून साहेबांना बोलवायला धावला असता. पण इथं त्याच्या हातात फिल्म होती, आणि फिल्म सांगत होती, बरं होतंय. त्याला ते खरं असायला हवं होतं हो. इतकं हवं होतं की बाकी सगळं त्यानं बाजूला सारलं.

चौदा चौकटी राहिल्या त्या रविवारी कुसाबाई भेटायला आली. आता रिटायर होऊन ती सातपूरला लेकाकडे राहत होती. दारातून आत आली आणि उंबऱ्याशीच थबकली.

"जयभीम, मावशी. ये ना, बस," पुंजाराम म्हणाला.

ती बसली नाही. शकुबाईच्या पायाकडे गेली, वाकली, आणि सरळ झाली. "पुंजा, हा वास मला माहितीय. आत कुजतंय."

"मावशी, वर बघ तरी. चिमूटभर जखम राहिलीय."

"वरचं नको दाखवू मला."

पुंजारामचं डोकं फिरलं. त्यानं सगळ्या फिल्मा तिच्यापुढं मांडल्या, शहाण्णवपासून चौदापर्यंत, ओळीनं. "ही बघ! ही बघ! साहेब प्रत्येक फिल्म बघतात, साहेब! तुला काय कळतं यातलं?"

"मला वाचता येत नाय बाबा," कुसाबाई म्हणाली. "नाक तेवढं हाय. उद्याची वाट बघू नको, आत्ता ने हिला."

"तू जा मावशी. बायकामाणसाला भेव घालायला आलीस का इथं?"

ज्याला तिनं कात्री धरायला शिकवलं तो तिला दार दाखवत होता. जाताना तिनं शकुबाईच्या डोक्यावरून हात फिरवला. शकुबाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मावशीचं मनावर घेऊ नका. म्हातारपण हाय."

मंगळवारी त्यानं मोजलं. तेरा. तिनं चहा केला, स्वतः उभं राहून.

गुरुवारी पहाटे ती उठलीच नाही. अंग भट्टी झालेलं, बोलणं तुटक. पुंजारामनं पांघरूण काढलं. पाऊल निळं-काळं पडलं होतं आणि ती काळिमा नडगीवर चढलेली. त्यानं बोट दाबलं, तर कातडीखाली कुरकुर वाजलं. आत हवा झाली होती, मांस सडून होते तशी. वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ती कुरकुर म्हणजे काय हे कोणी सांगायची गरज नसते. तो रस्त्यावर धावला, रिक्षा आणली, तिला पाठुंगळी घेऊन बसवलं आणि वाटभर एकच बोलत राहिला, "आलोच आपण, शके, आलोच."

गर्गे डॉक्टरांनी पाय बघितला. पहिल्यांदा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी बोथट सळई घेतली आणि तेरा चौकटींच्या त्या छोट्या भोकात घातली. सळई आत गेली. आणखी आत गेली. चवड्यातून तळव्यात, तळव्यातून टाचेकडे. सळईची मूठ कातडीला टेकली तरी तळ लागेना. बाहेर काढली तसा पू पिचकारीसारखा उडाला आणि मागचा वॉर्डबॉय तोंड दाबून पळाला.

एक्सरे काढला. हाडाशेजारी एक पांढरी पिळदार रेघ दिसत होती. कतरणीचा मोडलेला अर्धा तुकडा. पुंजारामनं ओढून काढली ती निम्मीच होती. गेल्या सात वर्षांत त्यानं एक्सरेच्या शेकडो फिल्मा धुऊन साफ केल्या असतील. पण आपल्या बायकोच्या पायाचा एक एक्सरे काढावा हे त्याला सुचलं नाही. त्यालाही नाही आणि साहेबांनाही नाही. जखम वरून मिटत गेली, आणि वरून मिटत गेली म्हणून पू बाहेर यायची वाट बंद होत गेली. तो आत, टाचेकडे, घोट्याकडे सरकत राहिला. हे दोघं चौकटी मोजत राहिले. चौकट लांबी-रुंदी सांगते. खोली तिला कोणी विचारलीच नव्हती.

साहेबांनी पुंजारामला व्हरांड्यात नेलं. "मांडीतून काढावा लागेल. संध्याकाळच्या आत. नाहीतर बाई जाते." मग म्हणाले, "मी एकदा तरी बघायला हवं होतं."

पुंजाराम म्हणाला, "चिरून बघा ना साहेब. मी रात्रंदिवस बसून धुतो. नळी घाला. काहीही करा. साहेब, मी तिला शब्द दिलाय." आणि वीस वर्षांत ज्या माणसाला कोणी रडताना बघितलं नव्हतं, तो साहेबांचे पाय धरायला खाली वाकला. साहेबांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "पेशंट शुद्धीवर आहे. सही तिचीच लागेल. ती माझं ऐकत नाही, दोनदा सांगून झालं. तू सांग."

शकुबाई खाटेवर डोळे मिटून पडली होती. नवऱ्याची चाहूल लागताच डोळे उघडले. "अहो, या साहेबांना सांगा ना. पाय कापायचा म्हणतात. तेराच राहिल्यात म्हणावं. तुम्ही मोजलंय ना. सांगा त्यांना."

तिनं आजूबाजूच्या खाटांकडे बघितलं. "यांनी शोधून काढलंय ते मोजायचं," ती शेजारच्या बाईला सांगायला लागली. तापानं जीभ जड झालेली, तरी अभिमान कसा तो लपेना. "पुण्याला दाखवलं. सगळ्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. यांचं कधी चुकत नाय."

ती जगायची असेल तर तिचा आपल्यावरचा विश्वास त्याला आत्ता, या खाटेपाशी, स्वतःच्या तोंडानं मोडायचा होता. आणि तो मोडला की पुन्हा जोडता येणार नाही हेही त्याला कळत होतं.

"शके," तो म्हणाला, "माझं चुकलं."

तिनं उशीवरून मान उचलली.

"तेरा म्हणजे बरं नाय. मी वरवर मोजत होतो. आत सगळं सडलंय. कतरण आतच राहिलीय. मावशी खरं बोलली अन् मी तिला हाकललं. तू टाच जड म्हणालीस, थंडी वाजते म्हणालीस, अन् मी ऐकलं नाय. सगळं मला दिसत होतं, शके. मी बघितलं नाय. आता पाय ठेवला तर तू राहत नाय. सही कर. तुझ्या पाया पडतो, सही कर."

शकुबाई किती वेळ त्याच्याकडे बघत होती कोण जाणे. रडली नाही, ओरडली नाही. मग तिनं हात पुढं केला. गोटीरामनं तिच्या बोटांत पेन दिला. वसाहतीतल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही तिनं केली, एकेक अक्षर, नवऱ्याच्या नावासकट.

पाय गेला. शकुबाई वाचली.

पुढचे पंधरा दिवस पुंजाराम घरी गेला नाही. रात्री व्हरांड्यात, दिवसा कामावर. त्यातच त्यानं एक नवीन गोष्ट काढली. जखमेत मिठाचं पाणी काठोकाठ भरायचं, मग काचेच्या सिरिंजनं ते ओढून घ्यायचं आणि किती निघालं ते बघायचं. म्हणजे खोली कळते. साध्या सिरिंजनं! चार मिनिटांचं काम. ते त्याला आधी सुचलं असतं तर? गर्गे डॉक्टरांनी वॉर्डाच्या भिंतीवर पाटी लावली, प्रत्येक जखम आधी सळईनं तपासायची, मग सिरिंजनं मोजायची, मग फिल्म. आणि खाली पुंजारामचं पूर्ण नाव लिहिलं. पुंजारामनं त्या पाटीकडे एकदाही मान वर करून बघितलं नाही.

पण ते नंतरचं. ऑपरेशनला दोन दिवस झाले, आणि पहिली पट्टी बदलायची वेळ आली. ट्रे तयार करून पुंजाराम खाटेपाशी गेला, पडदा ओढला आणि पट्टीला हात घालणार तेवढ्यात शकुबाई म्हणाली, "तुम्ही नको."

त्याला वाटलं, भ्यायली असेल. "दुखू देणार नाय. आधी भिजवतो."

"दुखू द्या. पण गोटीरामभाऊला पाठवा."

"रागावलीस?"

"नाय ओ," ती म्हणाली, आणि खरंच तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही बांधलं की मला वाटतं, आता बरं होणार. दोन महिने रोज तसंच वाटत होतं. आता मला तसं वाटून घ्यायचं नाय."

त्यानं ट्रे खाली ठेवला. पडद्याबाहेर आला आणि गोटीरामला म्हणाला, "तू जा."

गोटीराम आत गेला. माणूस चांगला, पण हात जड. पट्टी सुटायला लागली तशी शकुबाई पहिल्यांदा कण्हली, मग ओरडली. अख्ख्या वॉर्डात आवाज गेला. आजूबाजूचे पेशंट पुंजारामकडे बघायला लागले. त्यातलीच एक म्हणाली, "अहो दोंदे, तुम्ही करा की. बाई किती ओरडतेय."

पडद्याच्या कापडावर हात ठेवून पुंजाराम उभा होता. पट्टी कुठं चिकटलीय, कुठं पाणी टाकलं तर सुटेल, त्याला बाहेरून कळत होतं. ती पुन्हा ओरडली. त्यानं हात काढून घेतला आणि तिथंच उभा राहिला, पट्टी पूर्ण होईपर्यंत.